गॅसवरचा फ्रिज रात्रीच का विझतो? (आरव्ही, प्रोपेन आणि वैताग)

रानभूल
मंडळी, इथे आरव्हीवाले (चाकांवरचं घर घेऊन फिरणारे) कोणी असाल तर जरा मदत करा. आमचा २००८ चा ट्रेलर आहे, सेकंडहँड घेतलेला. आतला फ्रिज वीज आणि प्रोपेन दोन्हीवर चालणारा, आठ घनफुटी. घरासमोर (फोर्ट कॉलिन्स, कोलोराडो) उभा असताना विजेवर लावा नाहीतर गॅसवर, तक्रारीला जागा नाही. बर्फसुद्धा छान होतो. पण लेडव्हिल वगैरे ठिकाणी कॅम्पिंगला गेलो की रात्री कधीतरी गचकतो. सकाळी बघावं तर पॅनेलवर 'चेक'चा दिवा लागलेला आणि श्रीखंड कोमट. बटण बंद करून परत चालू केलं की टक टक टक, फुस्स, लगेच पेटतो! मग दिवसभर शहाण्यासारखा चालतो. रोज रात्री होतं असंही नाही, म्हणून तर डोकं फिरलंय.

सिलिंडर भरलेला असतो. शेगडी निळी जळते. ट्रेलर स्पिरिट लेव्हल लावूनच उभा करतो. इथल्या एका सर्व्हिस सेंटरवाल्याने फ्रिजला हातही न लावता 'बोर्ड (फ्रिजचं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेलाय, बदला' असं सांगितलं. आकडा ऐकून आधी इथे विचारावं म्हटलं.

भटकभवानी
रुमाल टाकून ठेवते. आमचाही तसाच आहे, अजून तरी गुणी आहे.

नेब्रास्कातला नाना
लेडव्हिलला गेला होतात ना? मग उंची. विषय संपला. हे फ्रिज ५,५०० फुटांच्या वर गॅसवर नीट चालत नाहीत, मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. लेडव्हिल १०,१५० फुटांवर आहे. हवा सुमारे ३० टक्के पातळ. बर्नरला ऑक्सिजन पुरत नाही, ज्योत पिवळी पडते, हलते आणि विझते. तिथे विजेवर चालवा.

रानभूल
नाना, वीज असती तर गॅसवर कशाला लावला असता! आम्ही बहुतेक वेळा जंगलातच राहतो, हुकअप (बाहेरून विजेची जोडणी) नसतं. पण उंचीचं मलाही पटलं होतं. लेडव्हिलजवळ झालं, ग्रेट सँड ड्यून्सला झालं, दोन्ही उंचावर. मग ऑक्टोबरच्या शेवटी युटाहमध्ये मोअॅबला गेलो, तिथेही तेच. मोअॅब आमच्या घरापेक्षा खाली आहे, ४,००० फुटांवर.

नेब्रास्कातला नाना
मग वारा.

रानभूल
पानही हलत नव्हतं त्या रात्री. उलट टेक्सासला पाद्रे आयलंडच्या किनाऱ्यावर राहिलो तेव्हा वाऱ्याने खुर्च्या उडाल्या, पण फ्रिज एकदाही विझला नाही.

सह्यकडा
एक बाळबोध प्रश्न. मी पुण्यात बसून वाचतोय. गॅस जाळून फ्रिज थंड कसा होतो?? आग लावायची आणि बर्फ काढायचा, हा काय प्रकार आहे?

जुना फिटर
बाळबोध नाही, चांगला प्रश्न आहे. आमच्या उमेदवारीत पहिल्यांदा हे यंत्र उघडलं तेव्हा मीही असाच चक्रावलो होतो. तेव्हा ते रॉकेलवर चालायचं. वीज नसलेल्या गावांत दवाखान्यांत लशी ठेवायला असेच फ्रिज असत.

यात कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, हलणारा भागच नाही. बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, शिवाय नळ्या आतून गंजू नयेत म्हणून सोडियम क्रोमेट. खाली ज्योत. तिच्या उष्णतेने पाण्यात विरघळलेला अमोनिया उकळतो, बुडबुडे बारीक नळीतून द्रव वर ढकलतात. अमोनियाची वाफ आणखी वर जाऊन कंडेन्सरमध्ये थंड होते आणि द्रव बनते. हा द्रव फ्रीजरच्या मागच्या नळीत उतरतो, तिथे त्याला हायड्रोजन भेटतो. हायड्रोजन असल्याने अमोनियाच्या वाट्याचा दाब एकदम कमी होतो, म्हणून तो गारठ्यातही भराभर वाफ होतो आणि आतली उष्णता खेचून घेतो. मग दोघं खाली येतात, पाणी अमोनियाला शोषून घेतं, हायड्रोजन हलका म्हणून परत वर. चक्र चालू.

१९२२ साली स्टॉकहोममध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी हे शोधलं. पुढे आइनस्टाइन आणि झिलार्ड यांनीही हलणारा भाग नसलेला फ्रिज काढला होता, १९३० चं अमेरिकन पेटंट आहे. तो वेगळा, पण त्याच गोत्रातला.

सगळा प्रवाह नुसत्या गुरुत्वाकर्षणावर आहे, म्हणून फ्रिज सपाट उभा लागतो. बाजूला साधारण ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश, याहून जास्त कल नको. तिरका चालवला तर द्रव एका ठिकाणी अडतो, बॉयलर कोरडा तापतो, क्रोमेट जळून बारीक नळीत बसतो. ते एकदा झालं की पुन्हा निघत नाही.

सह्यकडा
_/\_ काका, शाळेत असं कुणी शिकवलं नाही.

जुना फिटर
आता रानभूलताई, तुमचा फ्रिज. पहिली गोष्ट, घरासमोर विजेवर चोवीस तास लावल्यावर फ्रीजर नीट गोठतो, म्हणजे कूलिंग युनिट जिवंत आहे. मागची हवा खेळती आहे, लेव्हल ठीक आहे. दोष ज्योत लावणाऱ्या आणि टिकवणाऱ्या भागात आहे. गॅस, बर्नर, ठिणगी नाहीतर बोर्डाला जाणारी वीज. बोर्ड सगळ्यात शेवटी.

बर्नर बघा. थंड झाल्यावर गॅस बंद करून बाहेरची जाळीची झाकणी काढा. धुरांड्याच्या नळीत वरून तारेला टांगलेली एक पीळदार पट्टी असते, ती किती खोल आहे ते बघून ठेवा आणि काढा. नळीतून ब्रश फिरवा. गंजाचे पापुद्रे खाली बर्नरवर पडतात, बर्नरच्या खाचा बुजतात. बर्नर झटका, फुंका. ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रोडच्या चिनीमातीला तडा आहे का बघा, टोक आणि बर्नर यांत तीन ते पाच मिलिमीटर अंतर असावं. पितळी जेट (गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) काढून रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा आणि नुसतं वाळू द्या.

आणि जेटला पिन मारू नका! आपल्या पिढीला स्टोला पिन मारायची सवय. हे भोक अतिशय बारीक आणि मोजून पाडलेलं असतं, पिन घातली की मोठं होतं, मग ज्योत पिवळी आणि काजळी. परत जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बघा.

गुळाची ढेप
पिन मारू नका हे वाचून माझ्या आजीला ठसका लागला असेल.

नेब्रास्कातला नाना
कोळी विसरलात काका. प्रोपेनला घातलेल्या वासाच्या मागे कोळी येतात म्हणे आणि बर्नरच्या नळीत जाळी करतात. थट्टा नाही, २०११ मध्ये माझ्दाला असल्याच कोळ्यांमुळे अमेरिकेत गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. पेट्रोलच्या वाफेच्या नळीत जाळी.

ओम ओहम
बर्नर साफ कराच, पण मला वास वेगळाच येतोय. काही प्रश्न:
घरासमोर गॅसवर चालवता तेव्हा ट्रेलरची वायर घरच्या प्लगला लावलेली असते का?
रात्री फर्नेस (ट्रेलरचा गॅसवरचा हीटर) चालतो का? मोअॅबला चालला होता का? पाद्रे आयलंडला?
फर्नेसचा आवाज पूर्वीसारखाच आहे का?

रानभूल
वायर लावलेलीच असते, बॅटरी चार्ज व्हायला. लेडव्हिलला जुलैमध्येसुद्धा फर्नेस लागतो हो, पहाटे दात वाजतात. मोअॅबला ऑक्टोबर, म्हणजे लागलाच. पाद्रेला प्रश्नच नव्हता, पंखे लावून झोपलो.

आवाजाचं नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, 'हल्ली मरगळल्यासारखा सुरू होतो, आधी जोरात घुमायचा.' हे मला आत्ता कळतंय!

ओम ओहम
तर मग बोर्ड तूर्त घेऊ नका. लोकांना वाटतं गॅसवर आहे म्हणजे विजेशी संबंध नाही. गॅसवर असतानाही बोर्ड, ठिणगी आणि गॅसची सोलेनॉइड (विजेने उघडी राहणारी) झडप बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालतात. कंपनीप्रमाणे ९.६ किंवा १०.५ व्होल्टच्या खाली गेलं की बोर्ड भांबावतो. झडप सुटते, ज्योत विझते. परत पेटवायला जातो तर ठिणगी अशक्त. काही वेळ झटून सोडून देतो आणि 'चेक' लावतो. घरी चार्जर बॅटरीला साडेतेरा व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो, म्हणून तिथे कधीच होत नाही.

फर्नेसचा पंखा सात-आठ अँपिअर खातो, सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. फ्रिज गॅसवर असताना अर्धा-एक अँपिअर. दोघांची निगेटिव्हची वाट एकच असेल आणि त्या वाटेवर एक सांधा गंजलेला असेल, तर फर्नेसने ओढलेल्या करंटची शिक्षा फ्रिजला होते. मेकॅनिकच्या भाषेत 'बॉडी अर्थ लूज'.

मीटर कुठे लावायचा: बॅटरीवर नाही, फ्रिजच्या मागे बोर्डाच्या दोन टर्मिनलांवर. मीटरला मिन-मॅक्सचं (सर्वांत कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणारं) बटण असेल तर ते दाबा, कारण जो झटका आपल्याला पकडायचाय तो आकडा दिसेपर्यंत निघून गेलेला असतो. घरची वायर काढून ठेवा, फर्नेस लावा.

नेब्रास्कातला नाना
फर्नेस लागला की गॅसचा दाबही पडतो. रेग्युलेटर जुना असेल तर तेच लक्षण दिसेल. थंडीत तर जास्तच.

जुना फिटर
नाना बरोबर बोलतायत. मॅनोमीटर (गॅसचा दाब मोजायचं यंत्र) लावून फर्नेस आणि शेगडी चालू ठेवून दाब बघायला हवा, ११ इंच पाण्याच्या स्तंभाएवढा, त्या आसपास. रेग्युलेटरमध्ये दमटपणा गोठला तरी असंच होतं. गारठ्याने प्रोपेन स्वतः हार मानत नाही, उणे ४२ सेल्सिअसपर्यंत वाफ होतो. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरात ब्युटेनही असतो, त्याचं शून्याच्या जवळपासच अडतं. सोय असेल तर दोन्ही मोजा, म्हणजे वादच नको.

भटकभवानी
अवांतर: गाडी चालू असताना फ्रिज गॅसवर ठेवता का कोणी? आमच्याकडे यावरून कायम भांडण.

नेब्रास्कातला नाना
ठेवतो. पंपावर शिरायच्या आधी बंद करतो.

गुळाची ढेप
मी नाही ठेवत. दार उघडलं नाही तर पाच-सहा तास गारवा टिकतो, कशाला पेटती ज्योत घेऊन पळायचं? आणि पूर्वेला येणार असाल तर बाल्टिमोरच्या हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री टनेलमधून आरव्हीचे सिलिंडर न्यायलाच मनाई आहे. मार्च २०२४ मध्ये तिथला 'की ब्रिज' हा पूल पडल्यापासून ६९५ हायवेचा पश्चिमेकडचा वळसाच घ्यावा लागतो. ज्योत बंद असली तरी चालत नाही.

रानभूल
अपडेट. बर्नर उघडला. कोळी नव्हता (सॉरी नाना), पण गंजाचा ढीग होता. चहाच्या चमच्यात मावेल एवढा, तपकिरी, चुरचुरीत. इलेक्ट्रोड ठीक. जेट अल्कोहोलमध्ये भिजवून वाळवला. ज्योत आधी एका बाजूला पिवळट होती, आता पूर्ण निळी आणि स्थिर, घोंगावल्यासारखा आवाज येतो. फेस लावून बघितला, गळती नाही.

आनंदाने वीकेंडला रॉकी माउंटन नॅशनल पार्कात गेलो. पहाटे परत 'चेक'.

गुळाची ढेप
आई गं.

ओम ओहम
मीटर, मीटर, मीटर.

रानभूल
घ्या आकडे. वायर काढली, बॅटरी स्वस्थ असताना १२.५. फर्नेस चालू असताना बॅटरीवर १२.१, फ्रिजच्या बोर्डावर १०.७. आणि मिन-मॅक्सवरचा सर्वांत खालचा आकडा ८.८! फर्नेस घूंऽ करत सुरू झाला त्याच क्षणीचा. माझ्या डोळ्यांसमोर फ्रिजच्या मागून 'टक' आवाज आला आणि ज्योत गेली. मग तो पेटलाही परत. दुसऱ्यांदा केलं तेव्हा नाही पेटला, चेक.

गॅसचा दाबही बघून घेतला, शेजाऱ्यांकडे मॅनोमीटर होता. सगळं चालू असताना ११ ला सुई हलत नाही.

ओम ओहम
चोर सापडला, आता घर शोधायचं. बॅटरी ते फ्रिज १.४ व्होल्ट गायब आहेत. प्लसच्या बाजूने गेले की मायनसच्या? लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मीटरमधून फ्रिजच्या निगेटिव्हला. फर्नेस चालू. चांगल्या जोडणीत ०.२ च्या आत यायला हवं.

रानभूल
१.३!

ओम ओहम
सात अँपिअरला १.३ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ ०.२ ओहम. एकटा फ्रिज अर्धा अँपिअर ओढतो तेव्हा ०.१ व्होल्ट जातो, कळतही नाही. सुरू होताना फर्नेसने पंधरा-सोळा ओढले की तीन व्होल्ट एका सांध्यात खलास. तुमच्या ८.८ शी जुळतंय. मागच्या बाजूला निगेटिव्ह वायरी एकत्र करून चासीला (ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला) एका स्क्रूवर आवळलेल्या असतील, तो शोधा.

रानभूल
शोधला. चाकाच्या वर, चासीच्या आतल्या अंगाला. पत्र्यात घुसवलेला एक साधा स्क्रू आणि त्याखाली तीन वायरींची गोल टोकं. स्क्रूचं डोकं गंजून फुगलेलं, आणि वायरींच्या मधे हिरवी पूड. बोटाने वायर हलवली तर टोक स्क्रूखाली चक्क फिरलं. कोलोराडोत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या रसायनाचा प्रसाद असावा.

नवऱ्याने बॅटरी सोडवली, सांध्याची टोकं कापून नवी क्रिंप केली, चासी चकचकीत घासली, बोल्ट-नट आणि दातेरी वॉशर घातला, वरून ग्रीस. आता फर्नेस चालू असताना फ्रिजवर ११.९, सुरू होतानाचा खालचा आकडा ११.१. आणि फर्नेस पूर्वीसारखा घुमतोय.

जुना फिटर
शाब्बास. आता तिथून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक स्वतंत्र जाड वायरच टाकून घ्या. चासीच्या पत्र्यावर भरवसा ठेवायचा नाही. आणि बॅटरीचं वय बघा.

नेब्रास्कातला नाना
चांगलं झालं. तरी लेडव्हिलला परत गेलात की उंचीचं लक्षात ठेवा. तो त्रास वेगळा आहे, पण आहे.

रानभूल
मान्य नाना. लेडव्हिलजवळ परत जाऊन आलो, फर्नेस रात्रभर चालू-बंद होत होता, फ्रिज टिकला. फक्त दुपारी ज्योत थोडी आळशी वाटली. ती तुमच्या खात्यावर.

भटकभवानी
हा धागा वाखूत (वाचनखुणांत) टाकला. मीसुद्धा उद्या मीटर लावून बघते. नळी-बिळी काही नाही, नुसता मीटर.

कडीपत्ता
धागा वर काढतेय, क्षमस्व. आमचाही फ्रिज मधूनच चालतो, मधूनच नाही. पण आमचा विजेवर पण तसाच वागतो. अर्थिंग वगैरे बघितलं, बोर्डावर १२.६ आहे. ज्योत निळी. बाहेरची झाकणी काढली तर खालच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसते आणि नाकाला झोंबणारा वास. हळदीसारखी पूड आहे. पुसून टाकू का?

जुना फिटर
पुसू नका, हात लावू नका. आधी गॅस बंद करा आणि फ्रिज विजेवरूनही बंद करा, आत्ताच. खिडक्या उघडा. ती पूड सोडियम क्रोमेटची, विषारी आहे. वास अमोनियाचा. नळीला चीर गेली आहे. अमोनियाबरोबर हायड्रोजनही बाहेर येतो आणि शेजारी ज्योत, म्हणून परत पेटवून बघायचं नाही. अशा गळतीमुळे आगी लागून मोठे रिकॉल झालेले आहेत. एनएचटीएसएच्या (अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा खात्याच्या) संकेतस्थळावर तुमच्या फ्रिजचा रिकॉल आहे का बघा, मॉडेल आणि सीरियल नंबर हाताशी ठेवा.

कडीपत्ता
बंद केला. म्हणजे दुरुस्ती नाही?

जुना फिटर
त्या नळ्यांत गॅस भरता येत नाही. पूर्ण कूलिंग युनिट बदलून मिळतं, कंपनीचं किंवा दुसऱ्यांनी बनवलेलं. फ्रिज बाहेर काढून उलटा करून ठेवला की चालतो, असं कोणी सांगेल. तो उपाय अडकलेल्या नळीवर कधीमधी चालतो. गळतीवर नाही.

गुळाची ढेप
कडीपत्ता, युनिटची किंमत आणि बसवण्याची मजुरी धरलीत तर १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बघाच. लेव्हलची कटकट नाही, उंचीची नाही, ज्योतच नाही.

ओम ओहम
फक्त तो दिवसाला साधारण पन्नास ते साठ अँपिअर-तास मागेल, उन्हाळ्यात जास्त. हुकअपशिवाय राहत असाल तर आधी बॅटरी आणि सोलर बघा. सध्या बॅटरी कोणती आणि किती अँपिअर-तासांची आहे? आणि जुन्या फ्रिजच्या खाचेची रुंदी, उंची, खोली तिन्ही मापं लिहा. पुढचं सांगतो.

कडीपत्ता
लेड-ॲसिड, स्टिकर उडालेलं आहे. मापं संध्याकाळी घेऊन टाकते.